सार्वजनिक वाट आणि क्लबची पावती

मातीच्या वाटांवर ज्याला डर्ट बाईक चालवायची असेल त्याने आधी एखाद्या क्लबची वर्गणी भरावी, सभासद व्हावे आणि मगच चाक पुढे टाकावे, असा एक उपाय सुजाण माणसांच्या बोलण्यात येतो. तो सुटसुटीत वाटतो. पैसे भरणारा माणूस जबाबदारीने वागतो, क्लबचा वचक राहतो, वर्गणीतून वाटांची डागडुजी होते आणि सरकारला काही करावे लागत नाही. ऐकणारा मान डोलावतो. मला हे मत वरवरचे वाटते. त्यातून जे बिघडेल ते गाडीच्या धुरळ्याइतके लवकर खाली बसणार नाही, अशी माझी खात्री आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. वाट सार्वजनिक असेल तर तिच्यावर वेगाचे, वेळेचे, हंगामाचे, वाहनाच्या प्रकाराचे बंधन घालता येते. वापराबद्दल शुल्क घेता येते. गरज पडली तर ती मोटारवाहनांना पूर्ण बंद करता येते. मात्र एखाद्या खासगी संस्थेचे सभासदत्व ही त्या वाटेवर येण्याची अट करणे योग्य नाही. नाशिक जिल्ह्यातल्या विंचूरच्या शिवारात आज असा नियम नाही, आणि म्हणूनच तो शांतपणे तपासून पाहायला हीच वेळ बरी आहे.

१. आधी वाटा कोणाच्या, ते पाहू

विंचूरचा निफाड तालुका सपाटीचा. विंचूरच्या चहूबाजूंना द्राक्षबागा, कांदा, ऊस, सोयाबीन, मका. गावावरून नाशिक–छत्रपती संभाजीनगर रस्ता जातो, उत्तरेला लासलगाव, पूर्वेला येवला. डर्ट बाईकवाल्याला खुणावतात त्या डांबर सोडून आत जाणाऱ्या वाटा. त्या सगळ्यांना आपण सरसकट ‘सरकारी रस्ता’ म्हणतो आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

पहिला प्रकार पाणंद रस्त्याचा आणि शिवरस्त्याचा. गाव नकाशा उघडला तर पायमार्ग एका तुटक रेषेने दाखवलेला असतो आणि गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट, गाडीमार्गाची साडेसोळा ते एकवीस फूट. प्रत्यक्षात दोन्हीकडचे बांध सरकत सरकत वाट कित्येक ठिकाणी बैलगाडी जेमतेम जाईल एवढी उरलेली असते, ही गोष्ट वेगळी. दुसरा प्रकार वहिवाटीचा. खासगी शेताच्या बांधावरून मागच्या शेतकऱ्याला जाण्याचा जो हक्क असतो तो महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ ने आणि १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाने राखलेला आहे. तो हक्क शेतात जाण्यासाठी आहे. मौजेची फेरी मारायला आलेल्या तिसऱ्या माणसाला तो मिळत नाही. तिसरा प्रकार पाटाच्या कडेच्या रस्त्याचा. पालखेड कालव्यासारख्या पाटांच्या भरावावर गाडी घालायची की नाही, ते पाटबंधारे खात्याचे नियम ठरवतात, कारण भराव खचला तर पाणी शेतात घुसते. चौथा प्रकार गायरानाचा, म्हणजे गावच्या चराईचा. पाचवा वनजमिनीचा: चांदवडच्या रांगेतले डोंगर, येवला तालुक्यातले ममदापूरचे काळविटांसाठी राखलेले सुमारे ५४ चौरस किलोमीटरचे संवर्धन राखीव क्षेत्र, आणि आपल्या तालुक्यातलेच नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्य, जे २०२० मध्ये रामसर यादीत गेले आणि तो मान मिळवणारी महाराष्ट्रातली पहिली पाणथळ जागा ठरले.

या पाचही ठिकाणी मालक वेगळा, कायदा वेगळा, धोका वेगळा. अभयारण्यात डर्ट बाईक नकोच, मग ती सभासदाची असो वा बिनसभासदाची. वहिवाटीच्या बांधावर शेतकऱ्याची संमती लागते आणि ती त्याच्या वतीने द्यायला कुठला क्लब पात्र नाही. पाटाच्या भरावावर खात्याचा शब्द अखेरचा. म्हणजे क्लबच्या कार्डाचा प्रश्न खरा उरतो तो गाव नकाशावरच्या गाडीमार्गांपुरता आणि ज्या गायरानातून किंवा वनातून रीतसर रस्ता जातो तेवढ्यापुरता. तिथेच गावातले लोक रोज येतात-जातात, हे विसरता येणार नाही.

२. शुल्क घेणे वेगळे, सभासद करून घेणे वेगळे

सभासदत्वाची बाजू घेणारे बहुतेक जण शुल्क आणि सभासदत्व यांत फरक करत नाहीत. ‘शेवटी पैसेच भरायचे ना, मग ते क्लबला भरले काय आणि ग्रामपंचायतीला भरले काय’, असा त्यांचा सूर असतो. फरक मोठा आहे.

शुल्क वापराबद्दल असते. कास पठारावर फुलांच्या हंगामात येणाऱ्या प्रत्येकाकडून शुल्क घेतात, रोज किती माणसे सोडायची यालाही मर्यादा आहे, आणि व्यवस्था भोवतालच्या गावांची समिती वन विभागाबरोबर पाहते. नांदूरमध्यमेश्वरला माणसाचे, गाडीचे, कॅमेऱ्याचे शुल्क भरून आत जाता येते. तुम्ही कोणत्या पक्षिमित्र मंडळाचे सभासद आहात, हे अभयारण्याच्या चापडगावच्या दारावर कोणी विचारत नाही. पावती फाडली, नियम ऐकले, आत गेलात. तुमचा आणि सरकारचा संबंध सरळ राहतो. तक्रार असेल तर कोणाकडे करायची हे ठाऊक असते, आणि जमा-खर्चाचा हिशेब माहितीच्या अधिकारात मागता येतो.

सभासदत्व हे माणसामाणसांतले नाते असते. क्लब कोणाला घ्यायचे ते ठरवतो, कोणाला काढायचे तेही ठरवतो. त्याला घटना असते, पदाधिकारी असतात, रुसवेफुगवे असतात, निवडणुकीत पडलेला गट असतो. हे सगळे क्लबमध्ये असायला हरकत नाही, किंबहुना त्याशिवाय क्लब जिवंत राहत नाही. पण सार्वजनिक वाटेची किल्ली त्याच्या हाती दिली की दोनच शक्यता उरतात. क्लबला एखाद्याला नाकारता येत असेल, तर चार पदाधिकाऱ्यांच्या मर्जीने एका नागरिकाला सार्वजनिक वाट बंद होते. क्लबला कोणालाच नाकारता येत नसेल, अर्ज करील त्याला घेणे भाग असेल, तर तो क्लब राहत नाही. ते पावत्या फाडणारे कार्यालय होते, आणि पावत्याच फाडायच्या तर त्या ग्रामपंचायतीनेच का फाडू नयेत?

या दुसऱ्या शक्यतेचा फटका क्लबलाही बसतो. हिंदी साहित्य संमेलनाच्या १९७१ च्या दमयंती नारंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले होते, की संघटना स्थापन करण्याच्या मूलभूत हक्कात, स्वेच्छेने सभासद झालेल्या माणसांसह ती चालू ठेवण्याचा हक्कही येतो. सरकारने सभासद वरून लादले तर तो हक्क उरत नाही. सक्तीने आलेल्या शंभर माणसांपेक्षा आवडीने आलेली दहा माणसे क्लबला जास्त उपयोगी असतात, हे कोणत्याही जुन्या संस्थेचा चिटणीस सांगेल.

३. सक्तीची वर्गणी म्हणजे इजारा

विंचूर हे विठ्ठल शिवदेव विंचूरकरांच्या सरंजामाचे गाव. पेशवाईच्या इतिहासातली एक गोष्ट इथल्या माणसाला वेगळी सांगायला नको. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती इजाऱ्याने देण्याची रीत बोकाळली. जो जास्त रकमेची बोली करील त्याला महाल मिळे, आणि मग तो ती रक्कम, वर नफा धरून, रयतेकडून वसूल करी. सरकारला विनासायास पैसा मिळे, म्हणून ती रीत सोयीची वाटली. १८१८ नंतर एल्फिन्स्टनने ती मोडीत काढली, कारण वसुलीचा अधिकार एकदा खासगी हातात गेला की रयतेला दाद मागायला जागा राहत नाही, हे तोवर उघड झाले होते.

आपल्या संविधानाचे कलम २६५ थोडक्यात हेच सांगते: कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसवता किंवा वसूल करता येणार नाही. सार्वजनिक वाटेवर येण्यासाठी जी रक्कम भरावीच लागते तिला वर्गणी म्हटले, देणगी म्हटले किंवा सभासद शुल्क म्हटले, तरी भरणाऱ्याच्या खिशावर ती कराइतकीच सक्तीची असते. तिचा दर ग्रामसभेत ठरत नाही, तिचे लेखापरीक्षण सरकारी लेखापरीक्षक करत नाही, ती वाढवली तर मतदाराला जाब विचारता येत नाही. क्लबचे पदाधिकारी सज्जन आहेत म्हणून भागत नाही. पुढचे कोण येतील याची हमी आजच्या सज्जनांना देता येत नाही.

संघटनेच्या हाती दार गेले की काय होते, याचा अनुभव या भागाने कांद्यात घेतला आहे. बाजार समिती कायद्याने स्थापन झालेली, आवार सार्वजनिक, फाटक उघडे. तरी सप्टेंबर २०२३ मध्ये निर्यात शुल्काच्या आणि इतर प्रश्नांवर नाशिक जिल्ह्यातल्या कांदा व्यापाऱ्यांच्या संघटनेने लिलावावर बहिष्कार टाकला आणि बहुतेक बाजार समित्यांत व्यवहार थंडावले. व्यापाऱ्यांच्या मागण्यांत तथ्य होते की नाही, हा निराळा विषय आहे. त्या भांडणात नसलेला शेतकरी मात्र चाळीतला कांदा सडण्याच्या भीतीने वाट पाहत राहिला. सार्वजनिक जागेचा प्रत्यक्ष वापर एका संघटनेच्या होकारावर टांगलेला असला की असे होणार.

४. बाहेर कोण राहील?

या नियमाची झळ कोणाला लागेल, ते नेमके पाहायला हवे. डर्ट बाईक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लाखोंची आयात केलेली गाडी, चिलखतासारखा पोशाख, ट्रेलरवरून येणारे शहरी तरुण येतात. ते येतातही. पण गेल्या काही वर्षांत चित्र बदलले आहे. हिरोने २०११ मध्ये इम्पल्स आणली तेव्हा ती फारशी रुजली नाही. २०१९ मध्ये एक्सपल्स २०० सुमारे लाखभर रुपयांत आली आणि कच्च्या रस्त्यासाठी बनवलेली, रीतसर पासिंग झालेली गाडी शेतकऱ्याच्या मुलाच्या आवाक्यात आली. ज्याला तीही परवडत नाही तो जुन्या स्प्लेंडरला मागे गोट्यांचा टायर टाकून घेतो.

आता क्लबची सक्ती आली असे धरू. नाशिकचा, पुण्याचा, मुंबईचा माणूस वर्षाची वर्गणी भरील, कार्ड खिशात टाकील आणि येईल. त्याच्यासाठी ती रक्कम एका वेळच्या पेट्रोलसारखी. इथल्या मुलाकडे कार्ड नसेल. म्हणजे ज्या पाणंदीवरून त्याचे आजोबा औत घेऊन गेले त्याच पाणंदीवर तो बेकायदा ठरेल आणि परगावचा माणूस कायदेशीर ठरेल. हा नियम अंमलात आणायचा तर आणखी एक अडचण आहे. शिवारातल्या वाटांवर दिवसभर धावतात त्या दुचाकीच: फवारणीचे औषध घेऊन जाणारी, डबा पोचवणारी, मजुरांना सोडणारी. यातली कोणती गाडी कामाला निघाली आणि कोणती मौजेला, हे नाक्यावरचा माणूस कसे ओळखणार? तो चेहरा पाहून, कपडे पाहून, ओळखदेख पाहून ठरवील. मग नियम कागदावर एक आणि रस्त्यावर दुसरा होईल, आणि त्यात ज्याची ओळख कमी त्याचीच गाडी अडवली जाईल.

सक्तीच्या सभासदत्वाविरुद्धचा विचार जगात नवा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्क जाहीरनाम्याच्या विसाव्या कलमातच म्हटले आहे, की कोणावरही एखाद्या संघटनेचा सभासद होण्याची सक्ती करता येणार नाही. फ्रान्समध्ये १९६४ च्या एका कायद्याने लहान जमीनमालकांना गावच्या शिकार मंडळाचे सभासद होणे आणि आपल्या जमिनीवरचा शिकारीचा हक्क मंडळाला देणे भाग पाडले होते, मग त्यांचा शिकारीला विरोध का असेना. १९९९ मध्ये शासान्यू खटल्यात युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने हे संघटना-स्वातंत्र्याचे उल्लंघन ठरवले. तिथला वाद नेमका आपल्यासारखाच होता: जमिनीवरच्या एका छंदाचे नियमन करायचे, पण त्यासाठी लोकांना मंडळात कोंबायचे का?

५. नुकसान कशाने होते आणि कशाने थांबते

सभासदत्वाचे समर्थक पर्यावरणाचे नाव घेतात, म्हणून नुकसान जवळून पाहायला हवे.

काळ्या मातीची पाणंद पाऊस पडून गेल्यावर वरून वाळल्यासारखी दिसते, आत लोण्यासारखी असते. गोट्यांच्या टायरचे मागचे चाक तिथे जागीच फिरले की माती कापली जाते आणि चार बोटे खोल चर पडतो. पुढच्या पावसाचे पाणी त्याच चरातून वाट काढते. आठवडाभरात त्यातून ट्रॅक्टर जातो, चर चाकाएवढा रुंद होतो, आणि दिवाळीपर्यंत दुधाची गाडी मळ्यापर्यंत जायची बंद होते. डोंगरउतारावर सरळ चढण घेणारी गाडी हेच मुरमात करते. तिथे ओघळ पडायला वेळ लागत नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी नुकसान धुळीचे. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर बागेचा माल जानेवारीपासून मार्च-एप्रिलपर्यंत उतरतो. या दिवसांत रस्त्याकडेच्या ओळींतल्या घडांवर धूळ बसली की मण्यांवरची लव जाते, माल मळकट दिसतो आणि व्यापारी त्या ओळी बाजूला काढायला सांगतो. धूळ द्राक्षाला लागते आणि दर पूर्ण बागेचा पडतो. म्हणून शेतकरी रस्त्यावर टँकरने पाणी मारतात, कडेला शेडनेट बांधतात. दहा गाड्यांचा एक ताफा वेगाने गेला तर ती सगळी खटपट वाया जाते.

आता विचारा: या दोन्ही नुकसानांत क्लबच्या कार्डाने काय फरक पडतो? ओल्या मातीला सभासद आणि बिनसभासद सारखेच. उलट सभासद ताफ्याने येतात. नुकसान थांबते ते पावसानंतर ठरावीक दिवस वाट बंद ठेवल्याने, जानेवारी ते एप्रिल बागांलगतच्या वाटा मौजेच्या ताफ्यांना पूर्ण वर्ज्य केल्याने, वेगाला लगाम घातल्याने, मूळ सायलेन्सर काढलेली गाडी परत पाठवल्याने. हे सगळे नियम सर्वांना सारखे लावता येतात. क्लबच्या कार्डाने उलट एक खोटा दिलासा मिळतो. पैसे भरले म्हणजे हक्क विकत घेतला असे भरणाऱ्याला वाटू लागते, आणि वाट बंद ठेवायची वेळ आली की ‘वर्षाची वर्गणी कशाला घेतली’ असा जाब तो विचारतो. वर्गणीवर जगणारा क्लब अशा वेळी सभासदाच्या बाजूने उभा राहणार की द्राक्षाच्या?

६. आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आक्षेप शिस्तीचा. क्लब नसेल तर माणूस ओळखायचा कसा? यासाठी मोटार वाहन अधिनियम, १९८८ पुरेसा आहे. या कायद्यात सार्वजनिक जागेची व्याख्या व्यापक आहे: जिथे जनतेला जाण्याचा हक्क आहे असा रस्ता, वाट किंवा अन्य जागा. अशा जागी नोंदणीशिवाय गाडी चालवता येत नाही, तृतीय पक्ष विमा लागतो, परवाना लागतो, आणि राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय शर्यत लावणे गुन्हा आहे. गाडीला नंबर असला की माणूस सापडतो. ज्या आयात केलेल्या शर्यतीच्या गाड्यांची नोंदणीच होत नाही त्यांना पाणंदीवर मुळात जागा नाही. त्यांच्यासाठी बंदिस्त ट्रॅक असतात. क्लबचे कार्ड नंबर प्लेटची जागा घेऊ शकत नाही, आणि घेऊ लागले तर ते धोक्याचे आहे, कारण मग बिननोंदणीची गाडी सभासदत्वाच्या आडून रस्त्यावर येते.

दुसरा आक्षेप पैशाचा आणि तो खरा आहे. ग्रामपंचायतीकडे पाणंदीवर मुरूम टाकायला पैसे नसतात, मातोश्री पाणंद रस्ते योजनेतली कामे रखडतात, मग मौजेसाठी येणाऱ्याने हातभार का लावू नये? लावावाच. बाहेरून मौजेसाठी येणाऱ्या प्रत्येक गाडीकडून दिवसाचे शुल्क घ्यावे, गावच्या रहिवाशाला आणि शेतीच्या कामाला ते माफ असावे, रक्कम ग्रामनिधीत स्वतंत्र शीर्षाखाली जमा व्हावी आणि ज्या वाटेवर जमा झाली त्याच वाटेवर खर्च व्हावी. महामार्गावरच्या टोलला आपण नावे ठेवतो. पण तिथेसुद्धा अमुक मोटार संघाचे सभासद व्हा, असे कोणी म्हणत नाही.

तिसरा आक्षेप परदेशाचा. अमेरिकेतल्या व्हर्मॉन्ट राज्यात राज्यभरच्या वाटांवर बर्फावरच्या स्नोमोबाईल चालवायच्या तर १९६७ मध्ये स्थापन झालेल्या राज्य संघटनेचे आणि एका स्थानिक क्लबचे सभासद व्हावेच लागते. ही व्यवस्था अनेक वर्षे नीट चालली आहे. पण तिच्या मुळाशी काय आहे? त्या वाटांपैकी जवळजवळ ऐंशी टक्के खासगी जमिनींतून जातात. क्लबचे लोक घरोघर जाऊन जमीनमालकांची परवानगी मिळवतात, वाटा राखतात. मालकाने आपल्या जमिनीवर कोणाला येऊ द्यायचे हा त्याचा अधिकार, आणि सभासदत्व हे त्याच्या आतिथ्याचे मोल. उद्या विंचूरच्या पाच शेतकऱ्यांनी पडीक जमिनी एकत्र करून ट्रॅक काढला आणि फक्त सभासदांना सोडले, तर माझी काहीच हरकत नाही. तोच न्याय गायरानाला लावता येत नाही. शेजारच्या न्यूयॉर्क राज्याने निराळा मार्ग घेतला: स्नोमोबाईलच्या नोंदणीचे शुल्क क्लबच्या सभासदाला ४५ डॉलर, इतरांना १०० डॉलर. हीही ओढाताणच आहे, पण बिनसभासदाला निदान दार बंद नाही. इंग्लंडमध्ये ट्रेल रायडर्स फेलोशिप ही संघटना १९७० पासून मातीच्या वाटांवरच्या दुचाकीस्वारांसाठी झगडते आहे. २००६ च्या कायद्याने तिथल्या बऱ्याच जुन्या वाटांवरचे मोटारींचे हक्क संपले, काही वाटा हंगामापुरत्या बंद केल्या जातात, पण ज्या उघड्या आहेत त्यांवर नोंदणी आणि विमा असलेला कोणीही जातो. संघटना आचारसंहिता शिकवते, कोर्टात लढते, वाट दुरुस्त करते, आणि सभासद व्हायचे की नाही ते स्वारावर सोडते.

चौथा आक्षेप अभ्यासकांचा आहे आणि मला सर्वांत वजनदार वाटतो. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात दाखवले की सामाईक कुरणे, मासेमारी, पाटपाणी या गोष्टी सरकारशिवाय आणि बाजाराशिवायही वापरणाऱ्यांच्या गटाने नीट राखता येतात. त्यासाठी २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. वापरणारे कोण याची हद्द स्पष्ट असावी, हे त्यांच्या तत्त्वांत पहिलेच. मग क्लब म्हणजे तशी हद्दच नव्हे का? नव्हे, कारण पाणंद वापरणारे फक्त दुचाकीस्वार नाहीत. तिथून शाळेची मुले सायकलवर जातात, मेंढपाळांचे वाडे जातात, ट्रॅक्टर जातात, ऊसतोड मजुरांच्या गाड्या जातात. ऑस्ट्रॉम यांचे आणखी एक तत्त्व असे की ज्यांच्यावर नियमाचा परिणाम होतो त्यांना तो बदलण्यात वाटा हवा. क्लब या सगळ्यांतल्या एका वापराचे प्रतिनिधित्व करतो. सगळ्यांना सामावणारा गट गावात आधीपासून आहे आणि त्याचे नाव ग्रामसभा आहे.

‘सरकारी जागा आहे, कोणी अडवू नये’ असे उलट टोकाचे मतही ऐकायला मिळते. त्यावर वेळ घालवत नाही. द्राक्षाच्या ओळीत उभे राहून कोणी ते म्हणणार नाही.

७. मग क्लबने करायचे काय?

क्लब नकोत, असे मी म्हणत नाही. ते हवेतच, आणि त्यांच्यासाठी काम भरपूर आहे. महाराष्ट्रात याचे चांगले उदाहरण गडांवर दिसते. सह्याद्री प्रतिष्ठानसारख्या संस्थांचे कार्यकर्ते सुट्टीच्या दिवशी टाकी उपसतात, गडांना लाकडी दरवाजे बसवतात. त्यांचा मान मोठा आहे. पण संस्थेचे कार्ड नसेल त्याने गड चढू नये, असे त्यांनी कधी म्हटले नाही. २०२१ मध्ये राज्याने साहसी पर्यटनाचे धोरण आणले तेव्हाही नोंदणीची अट घातली ती उपक्रम आयोजित करणाऱ्या संस्थांना. आपल्या पायांनी डोंगर चढणाऱ्याला कोणत्या संस्थेत जा, असे त्यात सांगितलेले नाही. आयोजकावर बंधन आणि नागरिकाला मोकळीक, ही रेघ बरोबर ओढलेली आहे.

शर्यतीचेही तसेच. १९७१ पासून देशातल्या मोटर स्पोर्ट्सचे नियमन करणारी क्लबांची महासंघटना आहे, स्पर्धकाला तिचा परवाना लागतो आणि तो लागलाच पाहिजे. नाशिकला रॅली ऑफ महाराष्ट्र होते, जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडीला सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली. अशा ठिकाणी वैद्यकीय पथक, विमा, मार्शल हे सगळे संघटनेशिवाय जमत नाही. बंदिस्त ट्रॅकवर सभासदत्वाची अट पूर्णपणे रास्त. वापरात नसलेली एखादी मुरमाची खाण सुरक्षित करून क्लबने भाड्याने घ्यावी, तिथे उड्यांचा सराव करावा, गावातल्या मुलांना हेल्मेट, गुडघ्याचे पॅड आणि ब्रेकचा अर्थ शिकवावा. गावच्या वाटांवरही क्लब ग्रामपंचायतीशी करार करून डागडुजी करू शकतो. कामाचा मोबदला त्याने जरूर घ्यावा. वाटेवर कोणी यायचे हे ठरवण्याचा अधिकार मात्र त्या करारात नसावा.

८. विंचूरकरांना एक विनंती

गावात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा भरतात. त्यांतल्या येत्या सभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा. तलाठी कार्यालयातून गाव नकाशाची प्रत मागवून सभेत भिंतीवर लावावी आणि कोणता गाडीमार्ग मौजेच्या गाड्यांना चालेल, कोणता मुळीच नाही, हे त्यावर रंगाने दाखवावे. बागाईतदारांनी छाटणीपासून माल उतरेपर्यंतच्या तारखा सांगाव्यात, पाऊस थांबल्यावर किती दिवस वाट बंद ठेवायची हे ट्रॅक्टरवाल्यांनी सांगावे, आणि गाड्या चालवणाऱ्या गावातल्या पोरांनाही बोलू द्यावे. बाहेरच्या गाडीचे दिवसाचे शुल्क ठरवावे, ते कोणत्या खात्यात जाईल ते ठरावात लिहावे, आणि दर सहा महिन्यांनी त्या पैशातून किती ब्रास मुरूम कुठे पडला ते फलकावर लावावे. कोणत्याही क्लबने वाटांचा कारभार आमच्याकडे द्या असा प्रस्ताव आणला, तर त्याच्याकडून डागडुजीचे दरपत्रक घ्यावे आणि सभासदत्वाची अट त्या प्रस्तावातून काढून टाकावी.